रोटरी क्लब

रोटरी क्लब ही गावातील किंवा शहरातील व्यापारी, उद्योजक, डॉक्टर, वकील, शिक्षक व अन्य व्यावसायिकांनी एकत्र येऊन चालवलेली स्वयंसेवी सेवासंस्था आहे. जगभरातील असे क्लब रोटरी इंटरनॅशनल या महासंघाचे सदस्य असतात. पहिला रोटरी क्लब २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात स्थापन झाला. आज २००हून अधिक देशांत व प्रदेशांत रोटरीचे क्लब असून त्यांची सदस्यसंख्या सुमारे १२ लाख आहे. महासंघाचे मुख्यालय इलिनॉय राज्यातील इव्हान्स्टन येथे आहे.

क्लबचा अध्यक्ष, प्रांतपाल आणि रोटरी इंटरनॅशनलचा अध्यक्ष या तिन्ही पदांची मुदत केवळ एक वर्षाची असते. दरवर्षी १ जुलैला नवे पदाधिकारी कार्यभार स्वीकारतात आणि पुढील ३० जूनला तो सोडतात. त्यामुळे नेतृत्वाची संधी अनेकांना मिळते. मात्र जलसंधारण, शिक्षण किंवा रोगनिर्मूलन यांसारखी कामे एका वर्षात पूर्ण होत नाहीत. अल्प मुदतीची पदे आणि दीर्घ मुदतीची कामे यांचा मेळ घालणे हा रोटरीच्या कार्यपद्धतीतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

नाव आणि बोधचिन्ह

सुरुवातीच्या काळात सदस्य आळीपाळीने एकमेकांच्या कार्यालयात जमत असत. या फिरत्या सभांवरून संस्थेला 'रोटरी' हे नाव मिळाले. पहिले बोधचिन्ह गाडीचे साधे चाक होते. पुढे त्याचे रूपांतर सहा आरे व चोवीस दाते असलेल्या यंत्रचक्रात झाले. चक्राच्या मध्यभागी खाच ठेवण्यात आली. खाचेमुळे चाक आसाला जोडले जाते व शक्तीचे वहन करू शकते. म्हणून ही खाच प्रत्यक्ष कार्याचे प्रतीक मानली जाते.

स्वतःच्या हितापेक्षा सेवेला अग्रस्थान देणे हे रोटरीचे प्रमुख ब्रीद आहे. याशिवाय 'चार प्रश्नांची कसोटी' सदस्यांसमोर ठेवली जाते. जे बोलतो वा करतो ते सत्य आहे का, संबंधित सर्वांना न्याय देणारे आहे का, त्यातून सद्भाव व मैत्री वाढेल का आणि ते सर्वांच्या हिताचे आहे का, असे तिचे स्वरूप आहे. शिकागोतील उद्योजक हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील आपल्या कंपनीसाठी ती तयार केली होती. टेलर पुढे १९५४-५५ मध्ये रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष झाले.

इतिहास

वकील पॉल हॅरिस (१८६८–१९४७) हे रोटरीचे संस्थापक होत. लहान गावात वाढलेल्या हॅरिस यांना शिकागोसारख्या महानगरात आपुलकीच्या संबंधांची उणीव जाणवत होती. त्यांनी गुस्टाव्हस लोहर, सिल्व्हेस्टर शील आणि हायरम शोरी या तीन परिचितांसह पहिली सभा घेतली. प्रत्येक व्यवसायातील एकच प्रतिनिधी घ्यावा आणि सदस्यांनी परस्परांच्या व्यवसायाला साहाय्य करावे, असे प्रारंभीचे स्वरूप होते. समाजसेवा हा मूळ हेतू नव्हता. १९०७ मध्ये शिकागो क्लबने शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे उभारण्याच्या कामात पुढाकार घेतला आणि तेव्हापासून सेवेला संस्थेच्या कार्यात स्थान मिळू लागले.

दुसरा क्लब १९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झाला. १९१० मध्ये अमेरिकेतील १६ क्लबांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली व हॅरिस तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यानंतर कॅनडा, आयर्लंड व ब्रिटन येथे क्लब सुरू झाले. 'रोटरी इंटरनॅशनल' हे नाव १९२२ मध्ये स्वीकारण्यात आले. नाझी राजवटीतील जर्मनीत १९३७ मध्ये क्लब विसर्जित करावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे पुनरुज्जीवन झाले.

१९१७ मध्ये तत्कालीन अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी लोकोपयोगी कामासाठी स्थायी निधी उभारण्याची कल्पना मांडली. त्या निधीला मिळालेली पहिली देणगी २६ डॉलर ५० सेंटची होती. यातूनच पुढे रोटरी फाउंडेशन हा न्यास विकसित झाला. हॅरिस यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ देणग्यांचा ओघ वाढला आणि १९४७ पासून परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या.

संघटना आणि सदस्यत्व

रोटरी इंटरनॅशनलचे सदस्यत्व व्यक्तीला नसून क्लबला मिळते. व्यक्ती क्लबची सदस्य असते व तिला 'रोटेरियन' म्हणतात. नवा क्लब स्थापन करण्यासाठी किमान २० सदस्य लागतात. क्लब आपले उपक्रम, वर्गणी व सभेची वेळ स्वतः ठरवतो. अनेक क्लब मिळून एक प्रांत होतो व त्याच्या प्रमुखास मराठीत 'प्रांतपाल' म्हटले जाते. जगात पाचशेहून अधिक प्रांत असून प्रत्येकाला क्रमांक असतो. पुणे व रायगड परिसराचा प्रांत ३१३१, तर गोवा, दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील काही भागाचा प्रांत ३१७० या क्रमांकाने ओळखला जातो.

क्लबच्या कार्यकारी मंडळात अध्यक्ष, नियोजित अध्यक्ष, मावळते अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि विविध समित्यांचे संचालक असतात. प्रमाणित घटनेनुसार अध्यक्षाची निवड पदग्रहणाच्या किमान १८ महिने आधी करावी लागते. त्यामुळे कार्यरत अध्यक्षाबरोबर पुढील एक-दोन वर्षांचे अध्यक्षही आधीच ठाऊक असतात. त्यांनी कामाचे नियोजन एकत्र करावे, ही यामागील अपेक्षा आहे.

सभा परंपरेने दर आठवड्याला होते. अध्यक्षांनी घंटा वाजवून सभेस प्रारंभ करणे, मागील आठवड्याचा वृत्तांत, वाढदिवसाच्या शुभेच्छा, निमंत्रित वक्त्याचे व्याख्यान, आगामी कार्यक्रमांची सूचना व आभार असा तिचा सामान्य क्रम असतो. स्वतःच्या क्लबची सभा चुकल्यास अन्य क्लबच्या सभेला उपस्थित राहून ती भरून काढण्याची प्रथा आहे. २०१६ मध्ये नियम शिथिल झाले आणि महिन्यातून किमान दोन सभा घेण्याची मुभा क्लबांना मिळाली.

सेवेची क्षेत्रे

क्लबचे कार्य पाच सेवामार्गांत विभागले जाते: क्लबसेवा, व्यवसायसेवा, समाजसेवा, आंतरराष्ट्रीय सेवा आणि युवासेवा. क्लबसेवेत सदस्यांतील स्नेह व क्लबचे प्रशासन यांचा समावेश होतो. व्यवसायसेवेत व्यवसायातील नीतिमत्ता आणि आपल्या कौशल्याचा समाजासाठी उपयोग अभिप्रेत आहे. मोठ्या अनुदानासाठी सात विषय निश्चित करण्यात आले आहेत. शांतता व संघर्ष-निवारण, रोगप्रतिबंध व उपचार, पाणी व स्वच्छता, माता-बालआरोग्य, मूलभूत शिक्षण व साक्षरता, समाजाचा आर्थिक विकास आणि पर्यावरण हे ते विषय होत. पर्यावरणाचा समावेश १ जुलै २०२१ पासून झाला.

क्लबचे वर्ष आणि आगामी कार्यक्रम

रोटरी वर्ष जुलैत सुरू होत असल्याने भारतातील क्लबांच्या कार्यक्रमांची सुरुवात पावसाळ्यात होते. पहिल्या काही आठवड्यांत पदग्रहण समारंभ होतो. त्यात मावळते अध्यक्ष नूतन अध्यक्षांना पदाची गळपट्टी प्रदान करतात आणि वर्षभराच्या संकल्पित उपक्रमांची घोषणा केली जाते. १ जुलै हा भारतात डॉक्टर दिन व सनदी लेखापाल दिनही असल्याने अनेक क्लब त्या दिवशी या व्यावसायिकांचा सत्कार करतात. वृक्षारोपणाचे कार्यक्रमही याच काळात होतात.

रोटरी इंटरनॅशनलने बहुतेक महिन्यांना विषय नेमून दिले आहेत व आगामी कार्यक्रमांची आखणी त्यांना अनुसरून केली जाते. ऑगस्ट सदस्यवाढीसाठी, तर सप्टेंबर मूलभूत शिक्षण व साक्षरतेसाठी असतो. ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनाच्या सुमारास शिक्षकांना 'नेशन बिल्डर' पुरस्कार दिले जातात. २४ ऑक्टोबर हा जागतिक पोलिओ दिन असून त्यानिमित्त फेऱ्या व निधिसंकलन होते. नोव्हेंबर हा रोटरी फाउंडेशनचा आणि डिसेंबर रोगप्रतिबंधाचा महिना आहे. क्लबची निवडणूक सभा ३१ डिसेंबरपूर्वी घ्यावी लागते. जानेवारीत व्यवसायसेवेनिमित्त आपल्या क्षेत्रात निष्ठेने काम करणाऱ्या व्यक्तींचा गौरव केला जातो. फेब्रुवारीत शांतता हा विषय व २३ तारखेला वर्धापन दिन असतो. मार्चमध्ये पाणी व स्वच्छता, एप्रिलमध्ये पर्यावरण आणि मे महिन्यात युवासेवा यांवर भर असतो. जूनमध्ये हिशेब, अहवाल व पुढील मंडळाकडे कामे सोपवण्याची तयारी चालते.

वर्षातून एकदा प्रांतपाल प्रत्येक क्लबला अधिकृत भेट देतात. त्या वेळी हिशेब, सदस्यसंख्या आणि चालू प्रकल्पांचा आढावा घेतला जातो. प्रांताची वार्षिक परिषद आणि महासंघाचे जागतिक अधिवेशन हे वर्षातील अन्य मोठे कार्यक्रम होत.

निधी

क्लबचा नैमित्तिक खर्च सदस्यांच्या वर्गणीतून भागवला जातो. लोकोपयोगी प्रकल्पांसाठी देणग्या, संगीताचे कार्यक्रम, मॅरेथॉन, प्रदर्शने व स्मरणिकांतील जाहिराती यांतून स्वतंत्र निधी उभारला जातो. अनेक क्लबांनी त्यासाठी वेगळे सार्वजनिक न्यास नोंदवले आहेत. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करावी लागते. या तरतुदीनंतर भारतातील क्लबांना उद्योगांच्या साहाय्याने मोठे प्रकल्प हाती घेणे शक्य झाले.

रोटरी फाउंडेशनची अनुदाने मुख्यतः दोन प्रकारची आहेत. लहान व अल्पकालीन कामांसाठी प्रांताकडून अनुदान मिळते. जागतिक अनुदानासाठी किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प आणि प्रकल्प जेथे होणार त्या देशातील क्लबबरोबर अन्य देशातील क्लबची भागीदारी आवश्यक असते. अर्जापूर्वी स्थानिक लोकांच्या गरजांची पाहणी करावी लागते. अनुदान संपल्यानंतर काम कोण व कसे चालू ठेवणार, हेही लिहून द्यावे लागते. फाउंडेशनला १,००० डॉलर देणाऱ्या व्यक्तीला 'पॉल हॅरिस फेलो' हा सन्मान दिला जातो.

स्थानिक उपक्रम

महाराष्ट्रातील क्लबांच्या नेहमीच्या उपक्रमांत रक्तदान शिबिरे, नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया, कृत्रिम हात-पाय वाटप, शाळांना बाके, ग्रंथ व ई-लर्निंग संच, मुलींना सायकली, हात धुण्याची केंद्रे, स्वच्छतागृहे आणि बंधारे यांचा समावेश होतो. कृत्रिम पायांच्या शिबिरांत जयपूर फूटचा वापर केला जातो. कोपराखालील हात गमावलेल्यांसाठी 'एलएन-४' हा हलका यांत्रिक हात विनामूल्य बसवण्याची शिबिरे अनेक क्लब घेतात. काही क्लबांनी रक्तपेढ्या व डायलिसिस केंद्रे उभारली आहेत. जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी 'गिफ्ट ऑफ लाइफ' ही योजना राबवली जाते. साक्षरतेसाठी भारतीय क्लबांनी 'टीच' हा कार्यक्रम आखला असून त्यात शिक्षकांना साहाय्य, ई-लर्निंग, प्रौढ साक्षरता, शाळाबाह्य मुलांचे शिक्षण आणि 'हॅपी स्कूल' हे पाच घटक आहेत.

या उपक्रमांचे दोन प्रकार पडतात. रक्तदान शिबिरासारखे काम एका दिवसात पूर्ण होते आणि त्याचा लाभ लगेच मिळतो. याउलट डायलिसिस यंत्र देणगीतून एकदाच घेता येते. परंतु तंत्रज्ञाचे वेतन, शुद्ध पाणी, उपचाराचे साहित्य व दुरुस्ती यांचा खर्च सतत चालू राहतो. रोपे लावल्यानंतर पहिली काही वर्षे पाणी व संरक्षण मिळाले तरच ती जगतात. बंधाऱ्यातील गाळ वेळोवेळी काढावा लागतो, तर पोत्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. अशा कामांत ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती किंवा रुग्णालय यांच्याशी आधीच करार करून देखभालीची जबाबदारी निश्चित करणे महत्त्वाचे ठरते.

पोलिओ निर्मूलन

१९७९ मध्ये रोटरीने फिलिपिन्समधील सुमारे ६० लाख बालकांना पोलिओची लस देण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याच्या अनुभवावरून १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' हा जागतिक कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी १२ कोटी डॉलर जमवण्याचे उद्दिष्ट होते. १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम जमा झाली. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र यांच्यासह जागतिक पोलिओ निर्मूलन उपक्रम सुरू झाला. त्या वेळी १२५ देशांत हा रोग स्थानिक होता व दरवर्षी सुमारे साडेतीन लाख बालके त्याला बळी पडत होती.

भारतात १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. लसीकरणाची यंत्रणा शासनाची होती. रोटरी क्लबांनी बूथवर स्वयंसेवक देणे, प्रचार करणे, शीतपेट्या पुरवणे व निधी उभारणे ही कामे केली. उत्तर प्रदेशात लसीविषयीचे गैरसमज दूर करण्यासाठी उलेमांची समिती स्थापन करण्यात आली. २००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण आढळले होते आणि ही संख्या जगातील एकूण रुग्णांच्या जवळपास निम्मी होती. २०१० मध्ये ती ४२ पर्यंत घटली. देशातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदवला गेला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. वन्य पोलिओचा प्रसार आता पाकिस्तान व अफगाणिस्तान या देशांपुरता उरला आहे.

१९८५ पासून दरवर्षी महासंघाचे अध्यक्ष, प्रांतपाल व क्लबांचे अध्यक्ष बदलत गेले. मात्र हे उद्दिष्ट बदलले नाही. एका व्यक्तीच्या कार्यकाळाशी न बांधलेले ध्येय, स्थायी समित्या आणि शासकीय यंत्रणेशी सहकार्य ही या सातत्यामागील प्रमुख कारणे होत.

स्त्रियांचे सदस्यत्व

रोटरीचे सदस्यत्व दीर्घकाळ पुरुषांपुरते मर्यादित होते. क्लबच्या प्रमाणित घटनेतील 'पुरुष' हा शब्द वगळावा, असा प्रस्ताव १९५० मध्ये भारतातील एका क्लबने मांडला होता. तो संमत झाला नाही. १९६४ मध्ये श्रीलंकेतील क्लबकडून आलेला प्रस्तावही मागे पडला. कॅलिफोर्नियातील दुआर्ते क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सदस्यत्व दिले, तेव्हा रोटरी इंटरनॅशनलने त्या क्लबची मान्यता रद्द केली. प्रकरण न्यायालयात गेले. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, स्त्रियांना सदस्यत्व दिले म्हणून क्लबची मान्यता काढून घेता येणार नाही. १९८९ मध्ये रोटरीच्या विधिमंडळाने घटनेतील अट जगभरासाठी रद्द केली. २०२२-२३ मध्ये कॅनडाच्या जेनिफर जोन्स या महासंघाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या.

भारतातील रोटरी

भारतातील पहिला क्लब कोलकात्यात १९१९ मध्ये सुरू झाला व १ जानेवारी १९२० पासून त्याला मान्यता मिळाली. १९२५ मध्ये महात्मा गांधींनी या क्लबसमोर चरख्याच्या महत्त्वावर भाषण केले. मुंबईतील पहिला क्लब १९२९ मध्ये स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणीही क्लबांचा विस्तार झाला.

कोलकात्याचे नितीश लाहरी १९६२-६३ मध्ये रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष झाले. हे पद भूषवणारे ते पहिले भारतीय होत. त्यांच्यानंतर राजेंद्र साबू (१९९१-९२), कल्याण बॅनर्जी (२०११-१२) आणि शेखर मेहता (२०२१-२२) या भारतीयांनी हे पद सांभाळले.

युवा शाखा

लाहरी यांच्या कार्यकाळात, १९६२ मध्ये, १२ ते १८ वयोगटातील विद्यार्थ्यांसाठी 'इंटरॅक्ट' क्लब सुरू झाले. १९६८ मध्ये तरुणांसाठी 'रोटरॅक्ट' क्लबांची सुरुवात झाली. ते महाविद्यालयांशी संलग्न किंवा स्वतंत्र असू शकतात. पूर्वी रोटरॅक्टसाठी ३० वर्षांची वयोमर्यादा होती; २०२० मध्ये ती काढून टाकण्यात आली. युवा नेतृत्व शिबिरे आणि विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण हे अन्य युवा कार्यक्रम आहेत.

मर्यादा

वर्गणी, भोजनासह होणाऱ्या सभा व निमंत्रणावर आधारित प्रवेश यांमुळे रोटरीचे सदस्यत्व प्रामुख्याने सुस्थित वर्गापुरते राहते. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांना निर्णयप्रक्रियेत स्थान मिळतेच असे नाही. एक वर्षाच्या मुदतीमुळे आपल्या कारकिर्दीत पूर्ण होणारा, नामफलक व छायाचित्र मिळवून देणारा उपक्रम निवडण्याकडे कल होऊ शकतो. मागील अध्यक्षाच्या कामाची देखभाल करण्यात नव्या अध्यक्षाला तेवढे श्रेय मिळत नाही. जागतिक अनुदानातील गरजांची पाहणी व शाश्वततेची अट, अध्यक्षांची आगाऊ निवड आणि अनेक वर्षांसाठी नेमलेल्या समित्या हे यावरील संस्थात्मक उपाय आहेत. ते किती प्रभावी ठरतात हे प्रत्येक क्लबच्या शिस्तीवर अवलंबून असते.

इतर सेवा क्लब

रोटरीनंतर याच धर्तीवर अनेक संघटना उदयास आल्या. त्यांपैकी किवानिसची स्थापना १९१५ मध्ये डेट्रॉईट येथे आणि लायन्स क्लबची स्थापना १९१७ मध्ये शिकागो येथे झाली. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी केलेल्या आवाहनानंतर लायन्स क्लबने अंधत्व निवारणाला प्राधान्य दिले. भारतातील पहिला लायन्स क्लब १९५६ मध्ये मुंबईत सुरू झाला. जायंट्स ही मुंबईतच जन्मलेली सेवासंघटना असून नाना चुडासमा यांनी १९७२ मध्ये तिची स्थापना केली.